आयसीडीएल किंवा आयसी-थ्री: आंतरराष्ट्रीय संगणक प्रमाणपत्र काढताना कोणती पायरी आधी, कोणती नंतर

संगणकाचं 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्र काढणाऱ्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी जवळच्या क्लासची फी भरतात, मग तीन महिने शिकतात, मग परीक्षा कधी आहे ते विचारतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या कंपनीला नेमकं कोणतं प्रमाणपत्र चालतं हे सगळ्यात शेवटी कळतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि व्हिसाची तारीख जवळ आलेली असते.

एमएस-सीआयटी केलेल्यांचा गोंधळ जरा जास्तच होतो, कारण तिथे कोर्स आणि परीक्षा एकाच पॅकेजमध्ये येतात. इथे तसं नाही. आयसीडीएल असो की आयसी-थ्री (दोन्ही संगणकाच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षा), प्रमाणपत्र परीक्षेचं असतं. क्लास लावा, घरी शिका किंवा ऑफिसात काम करता करता शिका, परीक्षा घेणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. तिसरी पायरी पहिलीच्या आधी केली तर ती बहुधा पुन्हा करावी लागते.

पायरी 1: प्रमाणपत्र कोणाला दाखवायचं आहे ते लेखी घ्या

"कॉम्प्युटर सर्टिफिकेट पाहिजे" एवढ्यावर कधीही पैसे भरू नका. मागणाऱ्याकडून ईमेलवर किंवा जाहिरातीच्या प्रतीवर तीन गोष्टी पक्क्या करा: प्रमाणपत्राचं पूर्ण नाव, त्यातले विषय किंवा पातळी, आणि किती जुनं चालेल.

महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीसाठी हवं असेल तर इथेच थांबा. राज्य सरकारच्या लिपिक, तलाठी वगैरे पदांच्या जाहिरातीत संगणक अर्हतेखाली साधारणपणे दोनच वाटा लिहिलेल्या असतात: एमएस-सीआयटी, किंवा डीओईएसीसी सोसायटी या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी परीक्षा अथवा ओ, ए, बी, सी यांपैकी एखादी पातळी. डीओईएसीसीचं नाव 2011 पासून नाइलिट झालं, पण जाहिरातींत जुनं नाव अजून टिकून आहे, त्याने गोंधळू नका. या यादीत आयसीडीएल नसेल तर ते कितीही आंतरराष्ट्रीय असलं तरी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही. टंकलेखनाचं प्रमाणपत्र तर पूर्ण वेगळी गोष्ट. ते या सगळ्यांपैकी कशानेही भागत नाही.

आखाती देशांत, युरोपात किंवा तिथल्या कंपनीच्या इथल्या ऑफिसात जायचं असेल तर बहुतेक वेळा आयसीडीएल विचारतात. तिच्यातल्या प्रत्येक विषयाची परीक्षा वेगळी, आणि त्या विषयाला मॉड्यूल म्हणतात. तिचा कारभार आयर्लंडमधल्या डब्लिनहून चालतो आणि आखातात आयसीडीएल अरेबिया ते काम बघते. युरोपातल्या जुन्या जाहिरातींत 'ईसीडीएल' असं लिहिलेलं आढळेल. ते याच प्रमाणपत्राचं युरोपातलं जुनं नाव आहे, वेगळं काही शोधत बसू नका.

आयसी-थ्री ही सर्टिपोर्टची परीक्षा. सर्टिपोर्ट पिअर्सन व्ह्यू या कंपनीचा भाग आहे. शाळा-कॉलेजांत आणि अमेरिकी पद्धतीच्या संस्थांत ही जास्त चालते. सध्याची जीएस-सिक्स मालिका तीन पातळ्यांची आहे आणि प्रत्येक पातळीची परीक्षा स्वतंत्र. जुन्या मालिकेत मात्र कॉम्प्युटिंग फंडामेंटल्स, की ॲप्लिकेशन्स आणि लिव्हिंग ऑनलाइन असे तीन पेपर होते आणि तिन्ही पास झाल्याशिवाय आयसी-थ्री मिळत नसे. ताईचं जुनं प्रमाणपत्र बघून भावाने तोच पेपर मागावा, असं करू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, ज्याला ऑफिसात मुख्यतः एक्सेल आणि वर्डच करायचं आहे आणि कोणी ठरावीक प्रमाणपत्राचा आग्रह धरलेला नाही, त्याने या दोन्हींऐवजी एमओएस, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशलिस्ट, बघावं. ती एकाच सॉफ्टवेअरची असते आणि खोलात जाते. 'बेसिक' शब्दाचं ओझं सीव्हीवर राहत नाही. ज्याला मुळात माउस धरण्यापासून सुरुवात करायची आहे त्याला मात्र ती झेपणार नाही.

*तपासा:* मागणाऱ्याचा ईमेल हातात आहे का? त्यात प्रमाणपत्राचं नाव स्पष्ट आहे का? नसेल तर एका ओळीत विचारा: "आयसीडीएलचे कोणते मॉड्यूल लागतील?" उत्तर येईपर्यंत फी भरू नका.

पायरी 2: केंद्र शोधा आणि खर्चाची फोड मागा

आयसीडीएलची परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रावरच होते. केंद्र शोधायचं ते आयसीडीएलच्या अधिकृत संकेतस्थळावरून. क्लासच्या दारावर मोठा लोगो लावलेला असतो म्हणून तो क्लास परीक्षा केंद्र ठरत नाही. शिकवायला कोणालाही बंदी नाही, परीक्षा घ्यायला आहे. सर्टिपोर्टच्या परीक्षांसाठीही त्यांच्या संकेतस्थळावर केंद्रांचा शोध घेता येतो. आपल्या शहरात केंद्र नसेल तर फोनवर विचारून घ्या, बाहेरचे विद्यार्थी घेता का? कॉलेजमधली काही केंद्रं फक्त आपल्याच विद्यार्थ्यांना बसू देतात.

केंद्राकडून खर्च तीन भागांत वेगळा लिहून मागा: नोंदणीचा, प्रत्येक मॉड्यूलच्या परीक्षेचा आणि शिकवण्याचा. "सगळं मिळून इतके" असं सांगणाऱ्याला विचारायचं की एका मॉड्यूलमध्ये नापास झालो तर पुढच्या वेळी काय भरावं लागेल? फोड नसली की नापास झाल्यावर मोलभाव सुरू होतो, आणि तेव्हा तुमची बाजू कमकुवत असते. सर्टिपोर्टच्या परीक्षेला व्हाउचर, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेला परीक्षेचा कोड, लागतं. त्याला मुदत असते. पुन्हा परीक्षेसह मिळणारं व्हाउचर घेतलं असेल तर दुसऱ्या प्रयत्नालाही मुदत असते. दोन्ही तारखा पावतीवर लिहून घ्या.

*इशारा:* "परीक्षा न देता प्रमाणपत्र घरपोच" असं सांगणारा माणूस बनावट कागद विकतो आहे. घरून परीक्षा देता येणं मात्र खोटं नसतं. दोन्ही संस्थांकडे देखरेखीखाली घरून परीक्षेची सोय आहे, फक्त ती कॅमेरा सुरू ठेवून आणि ओळखपत्र दाखवूनच होते. घरून की केंद्रावर हा फरक महत्त्वाचा नाही, परीक्षा झाली की नाही हा आहे.

पायरी 3: नोंदणी, आणि त्यातही नाव

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर दोन रकाने असतात. एकात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं नाव आणि बहुधा त्यालाच जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. आधारवर तिसरीच तऱ्हा असू शकते. नोंदणीच्या अर्जात 'फर्स्ट नेम' दिसलं की अनेक जण गुणपत्रिकेच्या सवयीने पहिलं म्हणून आडनाव लिहितात आणि 'लास्ट नेम'मध्ये वडिलांचं नाव. प्रमाणपत्र छापून येतं ते तसंच. परदेशातला मनुष्यबळ विभाग ते पासपोर्टशेजारी ठेवतो, आणि त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

म्हणून परदेशासाठी प्रमाणपत्र काढणार असाल तर पासपोर्ट उघडून समोर ठेवा. त्यातलं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा. पासपोर्टवर 'दीपक'मध्ये दुहेरी ई असेल आणि तुम्ही सही करताना एकच आय लिहीत असाल, तरी अर्जात पासपोर्टचंच स्पेलिंग. लग्नानंतर नाव बदललं आहे पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, अशा वेळी आधी ठरवा की पासपोर्ट बदलून घेणार आहात का. बदलणार असाल तर तो हातात येईपर्यंत नोंदणी थांबवा. पासपोर्ट काढलेलाच नसेल तर ज्या कागदावरून तो काढणार त्याचं नाव वापरा.

अर्ज क्लासमधला मुलगा भरतो आणि तुम्ही फक्त सही करता, ही पद्धत सर्रास आहे. स्क्रीनवरचा अर्ज 'सबमिट' होण्याआधी स्वतः वाचा. खुर्ची ओढून बसा आणि वाचा. गर्दी असली तरी.

आयसीडीएलमध्ये नोंदणी झाली की उमेदवाराचा एक क्रमांक मिळतो. पूर्वी याचं स्किल्स कार्ड असायचं. तुम्ही पास झालेलं प्रत्येक मॉड्यूल याच क्रमांकाखाली जमा होतं. केंद्र बदललं, शहर बदललं तरी क्रमांक तोच ठेवायचा. नव्या केंद्राने "नवीन नोंदणी करून टाकू" म्हटलं तर जुना क्रमांक द्या आणि आधी तो चालतो का ते पाहायला सांगा. सर्टिपोर्टचं खातं हेही असंच. पासवर्ड विसरला म्हणून दुसऱ्या ईमेलवर नवं खातं उघडणारे खूप असतात. मग एक परीक्षा एका खात्यात आणि दुसरी दुसऱ्या खात्यात. ती एकत्र करून घेण्यासाठी मदत कक्षाकडे पत्रापत्री करावी लागते.

आणि ईमेल क्लासचा देऊ नका. स्वतःचा, रोज उघडता असा द्या. निकाल, खात्याची माहिती, पासवर्ड बदलण्याची लिंक, सगळं त्यावर येतं. क्लास वर्षभरात बंदही पडू शकतो.

*तपासा:* नोंदणी क्रमांक मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहिला का? अर्जाचा स्क्रीनशॉट घेतला का? ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव एकच आहे का?

पायरी 4: अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत उतरवून स्वतःला तपासा

आयसीडीएल प्रत्येक मॉड्यूलचा अभ्यासक्रम मोफत देते. त्यात विभाग, उपविभाग आणि 1.1.1, 1.1.2 अशा क्रमांकांची कामं असतात. प्रश्न या कामांवरूनच निघतात. एवढं असताना लोक तीनशे पानांचं जाडजूड पुस्तक विकत आणतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक असतो. केंद्राला विचारा, "आमची परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आणि ऑफिसच्या कोणत्या आवृत्तीवर होईल?" घरी ऑफिस 365 आणि केंद्रात 2016 असेल तर काही बटणं जागेवर सापडत नाहीत. परीक्षा कोणत्या भाषेत होईल तेही याच वेळी विचारा, आणि ती इंग्रजीत होईल असं धरून चाला.

आता अभ्यासक्रम छापून घ्या आणि संगणकासमोर बसा. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: न बघता येतं, शोधून येतं, येत नाही. "माहीत आहे" ही खूण ठेवू नका, तिने फसवणूक होते. हेडर म्हणजे काय ते माहीत असणं आणि पहिल्या पानावर वेगळा हेडर देता येणं यांत खूप अंतर आहे. आयसीडीएलच्या नमुना चाचण्या मोफत मिळतात, आणि केंद्रांकडे आपल्याला आधीच काय येतं ते दाखवणारी निदान (डायग्नोस्टिक) चाचणीही असते. ती शिकवणी सुरू करण्याआधी द्या. बँकेत किंवा शाळेत काम करणाऱ्या अनेकांचं निम्मं काम इथेच झालेलं असतं, आणि त्यांना पूर्ण कोर्स विकला जातो.

उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे गुण नीट लक्षात घ्या. आयसीडीएलमध्ये 75 टक्के, बहुतेक मॉड्यूलना वेळ 45 मिनिटं. नाइलिटच्या सीसीसीला 90 मिनिटांत 100 प्रश्न आणि 50 टक्क्यांना पास. दहावीला 35 टक्के. आपल्या डोक्यात 'पास'चा जो आकडा बसलेला आहे तो इथे चालत नाही. चारातला एक प्रश्न चुकला की तुम्ही काठावर आलात.

पायरी 5: तयारी, मॉड्यूलच्या क्रमाने

एका वेळी एक मॉड्यूल. चारही एकदम शिकून एकाच दिवशी परीक्षा द्यायचा मोह आवरा. क्रम असा ठेवा: संगणक आणि इंटरनेटचं मॉड्यूल, वर्ड, एक्सेल, प्रेझेंटेशन. वर्डमध्ये शिकलेलं फॉन्ट, बॉर्डर, प्रिंट पुढच्या दोन्हींत उपयोगी पडतं.

*संगणक आणि इंटरनेट.* हे सगळे सोपं समजतात, आणि इथेच काठावर अडकतात, कारण यात पाठांतराचे प्रश्न येतात. रोज मोबाइल वापरणाऱ्याला फाइल कुठे साठते हे सांगता येत नाही, कारण मोबाइलमध्ये ते कधी बघावंच लागत नाही. फोल्डरमध्ये फोल्डर करणं, फाइल हलवणं आणि कॉपी करणं यांतला फरक, झिप करणं आणि उघडणं, केबी-एमबी-जीबी यांचा क्रम, हे हाताने करा. ईमेलमध्ये सीसी आणि बीसीसी, संकेतस्थळाच्या पत्त्याचे भाग, कुकी, फिशिंग, बॅकअप दुसऱ्या जागी का ठेवायचा, हे प्रश्न ठरलेले असतात.

*वर्ड.* इथे सवयी मोडाव्या लागतात. अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलेलं आहे की मजकूर जागेवर आणण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नये, इन्डेंट आणि टॅब वापरावा. परिच्छेदांत अंतर ठेवायला एंटर मारू नये, परिच्छेदाचं अंतर ठरवावं. नवं पान हवं असेल तर एंटर, एंटर, एंटर करत खाली जाऊ नये, पेज ब्रेक द्यावा (कंट्रोल-एंटर). आपल्याकडची निम्मी कार्यालयीन पत्रं नेमकी या तीन चुकांवर उभी असतात. दिसायला पत्र ठीक दिसतं, परीक्षेत मात्र मार्क जातो, कारण तपासणारं सॉफ्टवेअर फाइलमध्ये इन्डेंट, अंतर किंवा पेज ब्रेक खरंच दिला आहे का ते बघतं.

सरावासाठी आपल्याच सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस घ्या. ¶ या खुणेचं बटण दाबून लपलेल्या खुणा दिसू द्या. जिथे सलग ठिपके दिसतात तिथे स्पेसबार वापरला आहे, जिथे रिकाम्या ¶ खुणा एकाखाली एक दिसतात तिथे एंटर. त्या सगळ्या पुसा आणि तीच नोटीस योग्य पद्धतीने पुन्हा उभी करा. शीर्षकाला स्टाइल द्या, तळाला पान क्रमांक, वर तारखेचं फील्ड. मग सभासदांची नावं आणि फ्लॅट क्रमांक यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये करा आणि मेल मर्जने प्रत्येकाच्या नावाची नोटीस काढा. मेल मर्जला लोक घाबरतात, आणि ते सोडून देतात. सोडू नका. पायऱ्या ठरलेल्या आहेत: मुख्य पत्र, यादी जोडणं, फील्ड टाकणं, झलक बघणं, पूर्ण करणं. दोनदा केलं की हातात बसतं.

*एक्सेल.* सगळ्यात जास्त नापास इथेच होतात असं माझं निरीक्षण, आणि बहुतेकांचं घोडं डॉलरच्या खुणेपाशी अडतं. तीच सोसायटी पुढे घेऊ. बी1 मध्ये मेंटेनन्सचा दर, चौरस फुटाला 3 रुपये. तिसऱ्या ओळीत शीर्षकं: फ्लॅट, क्षेत्रफळ, रक्कम. चौथ्या ओळीपासून फ्लॅट. बी4 मध्ये क्षेत्रफळ 550. सी4 मध्ये सूत्र लिहिलं, बी4 गुणिले बी1. उत्तर 1650, बरोबर. आता ते सूत्र खाली ओढा.

सी5 मध्ये 0 येतो, कारण सूत्र एक ओळ खाली सरकलं आणि बी1 ऐवजी रिकाम्या बी2 कडे बघायला लागलं. सी6 मध्ये व्हॅल्यूची चूक दिसते, कारण तिथे बी3 आहे आणि बी3 मध्ये 'क्षेत्रफळ' हा शब्द आहे. सी7 तर कहरच करतं. बी7 मध्ये 700 असेल तर ते बी4 मधल्या 550 ने गुणलं जातं आणि सातशे फुटांच्या फ्लॅटला 3,85,000 रुपये मेंटेनन्स लागतो! उपाय एवढाच: सूत्रात बी1 वर कर्सर ठेवून एफ4 दाबा, ते $बी$1 होतं, म्हणजे खाली ओढलं तरी बी1 वरच राहतं. लॅपटॉपवर अनेकदा एफएन धरून एफ4 दाबावं लागतं. मग खाली ओढा. ही चूक मुद्दाम एकदा करून, प्रत्येक चुकीचं उत्तर का आलं ते स्वतः सांगता आलं, तर परीक्षेतला असा प्रश्न चुकत नाही.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे आकड्यासोबत एकक टाइप करणं. सेलमध्ये '550 चौ. फू.' लिहिलं की तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि बेरजेत धरला जात नाही. एकक शीर्षकात लिहा. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंट-ए भरलेल्या सगळ्या सेल मोजतं, हा फरकही इथेच लक्षात येईल. शिवाय फ्रीझ पेन्स आणि प्रिंट टायटल्स यांची गल्लत करू नका. पहिलं स्क्रीनवर शीर्षक अडकवून ठेवतं, दुसरं छापलेल्या प्रत्येक पानावर शीर्षक आणतं. प्रश्नात 'प्रिंट' शब्द आहे का ते बघायचं.

*प्रेझेंटेशन.* स्लाइड मास्टर, प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक, वक्त्याच्या टिपा, साधा तक्ता. आठवडाभरात होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी प्रश्नांतली क्रियापदं वेगळी पाठ करावीत. इन्सर्ट म्हणजे नवं घालणं, अप्लाय म्हणजे असलेल्याला लावणं, मॉडिफाय म्हणजे असलेलं बदलणं, असेंडिंग म्हणजे चढता क्रम. 'मॉडिफाय द स्टाइल' असं असताना नवी स्टाइल तयार केली तर सगळं नीट करूनही उत्तर चूक. पंचवीसेक शब्दांची ही यादी आहे, आणि व्याकरणाच्या क्लासपेक्षा तिचा उपयोग जास्त.

*तपासा:* नमुना चाचणी घड्याळ लावून, वही न बघता दिली का? सलग दोन वेळा 85 टक्क्यांवर गेलात का? 76 वर गेलात म्हणून तारीख घेऊ नका, केंद्रावरच्या अनोळखी संगणकावर पाचेक टक्के सहज खाली येतात.

पायरी 6: परीक्षेच्या आधी

तारीख घेताना विचारा की परीक्षा सिम्युलेशनवर आहे की खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. सिम्युलेशन म्हणजे वर्ड-एक्सेलसारखा दिसणारा देखावा. त्यात सगळी बटणं चालतातच असं नाही, आणि इकडेतिकडे क्लिक करत शोधणं महागात पडू शकतं. खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर वाट कोणतीही धरा, शेवटी फाइलमध्ये काय झालं ते महत्त्वाचं.

दृष्टी, हात किंवा इतर अडचणीमुळे जादा वेळ हवा असेल तर तो नोंदणीच्या वेळीच मागावा लागतो. परीक्षेच्या दिवशी केंद्रचालकाच्या हातात काही नसतं.

ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्स नव्हे. खात्याचा पासवर्ड आदल्या दिवशी एकदा टाकून बघा. अर्धा तास आधी पोहोचा आणि बसण्यापूर्वी माउस, स्पेसबार आणि एंटर दाबून तपासा. अडकणारी कळ असेल तर तेव्हाच जागा बदलून मागा. घड्याळ सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

पायरी 7: परीक्षा सुरू असताना

सर्टिपोर्टच्या परीक्षेत सुरुवातीला गोपनीयतेचा करार येतो. घाईत 'मान्य नाही' दाबलं तर परीक्षा तिथेच संपते. वाचा, आणि मग दाबा.

प्रश्न दोनदा वाचा आणि जेवढं सांगितलं तेवढंच करा. शीर्षक ठळक करायला सांगितलं तर ते मध्यभागी आणू नका, कितीही चांगलं दिसत असलं तरी. ऑफिसात वर्षानुवर्षं काम केलेले लोक इथे गुण घालवतात, कारण हात सवयीने पुढचं करून टाकतो. सेलची नावं आणि मजकूर प्रश्नात जसा दिला आहे तसाच टाइप करा, शेवटी मोकळी जागा सोडू नका.

तारीख टाइप करायची असेल तर संगणक महिना आधी धरतो की दिवस, ते पाहून घ्या. अमेरिकी सेटिंग असेल तर 5/4 म्हणजे पाच एप्रिल नव्हे, चार मे.

एखादं बटण मिनिटभरात सापडलं नाही तर खूण करून पुढे जा. पण 'रिसेट' किंवा 'रिस्टार्ट' दाबण्याआधी त्याने काय पुसलं जाईल ते वाचा. एमओएससारख्या प्रकल्पाच्या परीक्षेत एका कामात चुकलं म्हणून ते दाबलं तर त्या प्रकल्पातली आधीची सगळी कामंही जातात. साधी चूक कंट्रोल-झेडने मागे घेता येते.

*इशारा:* संगणक बंद पडला, स्क्रीन गोठली, वीज गेली तर स्वतः बटणं दाबू नका. हात वर करा, निरीक्षकाला बोलवा, आणि किती वाजले ते कागदावर नोंदवायला सांगा.

पायरी 8: निकाल आणि नापास झालात तर

संगणकावरच्या परीक्षेचा निकाल बहुधा लगेच दिसतो. नुसतं पास-नापास बघून उठू नका, विभागवार गुणांचं पान छापून घ्या. नापास झालेल्याला त्या पानाइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

एमओएसला 1000 पैकी 700 लागतात. पहिल्यांदा नापास झाल्यावर 24 तास थांबावं लागतं, त्यानंतरच्या प्रत्येक प्रयत्नाआधी दोन दिवस. नियम एवढीच वाट बघायला लावतो म्हणून दुसऱ्याच दिवशी बसायचं कारण नाही. कमी पडलेल्या विभागातली कामं अभ्यासक्रमाच्या प्रतीवर खुणा करून पुन्हा करा, नमुना चाचणी द्या, मग तारीख घ्या. आयसीडीएलमध्ये पास झालेली मॉड्यूल तुमच्या क्रमांकाखाली तशीच राहतात, फक्त राहिलेलं मॉड्यूल द्यायचं.

पायरी 9: प्रमाणपत्र हातात आल्यावर

लगेच तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, सगळी मॉड्यूल छापली आहेत का, तारीख आणि क्रमांक बरोबर आहे का. चूक असेल तर त्याच आठवड्यात केंद्राला ईमेल करा, सोबत पायरी 3 मधला अर्जाचा स्क्रीनशॉट जोडा. चूक तुमची की त्यांची हे त्यावरून ठरतं, आणि दुरुस्तीचे पैसे कोणी भरायचे तेही.

मग क्रमांक टाकून ऑनलाइन पडताळणी स्वतः करून बघा. सर्टिपोर्टच्या खात्यात ट्रान्सक्रिप्ट असते आणि तिच्यासोबत पडताळणीचा कोड मिळतो. तो कोड मागणाऱ्याला पाठवला की रंगीत झेरॉक्सपेक्षा जास्त काम होतं. लॅमिनेशन करू नका. कधी कोणाला मूळ प्रतीवर शिक्का मारायचा असेल तर लॅमिनेशन आड येतं.

सीव्हीमध्ये 'आंतरराष्ट्रीय संगणक कोर्स केला' असं मोघम लिहू नका. प्रमाणपत्राचं नाव, मॉड्यूल, महिना-वर्ष आणि पडताळणीचा क्रमांक, एका ओळीत. त्यानंतर पायरी 1 मध्ये ज्याने मागणी केली त्याच ईमेलच्या साखळीला उत्तर देऊन प्रमाणपत्र पाठवा, नवा ईमेल सुरू करू नका. त्याने तेव्हा काय मागितलं होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर राहतं, आणि "हे नको होतं, दुसरं हवं होतं" म्हणायला जागा उरत नाही.